बाणाची साक्ष

भंगाराच्या यार्डात क्रेनला हाताने खुणा करणाऱ्या माणसाला सगळे बाण म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं. तरुणपणी कोणीतरी नुसतं "दोन फूट घे" म्हणून ओरडलं, क्रेन भलत्याच बाजूला गेली आणि त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं पत्र्याखाली चिरडली. पुढे मुलीच्या नववीच्या पुस्तकात त्या अपघाताचं नाव सापडलं. नुसता आकडा म्हणजे अदिश राशी. आकड्याबरोबर दिशाही असली की सदिश, आणि ती बाणाने दाखवायची. तेव्हापासून अर्धवट बोलणाऱ्याला तो 'अदिश' म्हणायचा. यार्डात हा शब्द आईबहिणीवरच्या शिव्यांपेक्षा जास्त चालला.

मुकादम अव्वल नंबरचा अदिश. नुसते आकडे ओरडायचा आणि चुकलं की कानफटात द्यायचा. क्रेन चालवायचा बाणाचा मेहुणा, त्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग. त्या दुपारी मुकादमाने त्याला केबिनमधून ओढून काढलं, सगळ्यांदेखत बुटाने तुडवलं आणि तोंडातलं रक्त पुसायच्या आत परत वर बसवलं.

मग इंजिनाचं धूड साखळीला लटकत असताना मुकादम स्वतःच खाली, ढिगाऱ्याला पाठ लावून उभा राहिला आणि ओरडला, "चार फूट!" कुठे, ते नाहीच. बाणाने धावत पुढे होऊन हात भिंतीकडे ताणला. धूड चार फूट सरकलं, मोजून चार, पण ढिगाऱ्याकडे. मुकादमाच्या दोन्ही मांड्यांचा चुरा झाला. हाडं मोडल्याचा आवाज बाणाने ऐकला आणि खोटं कशाला बोला, क्षणभर त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी पोलीस आले. मेहुण्याने सांगितलं, चार फूट म्हणाले, चार फूट नेलं, दिशा कोणी दिलीच नाही. दाजींचाच धडा पठ्ठ्याने पाठ केला होता. बाणाने नुसती मान डोलावली असती तर सगळं अपघातावर मिटलं असतं. या धाकट्या भावाला बाणाच्या बायकोने कडेवर वाढवलं होतं.

"माझा हात भिंतीकडे होता," बाण म्हणाला. "त्याने बघितला. हसला. आणि मग उलटा गेला."

मेहुणा झेपावला. पोलिसांनी सोडवेपर्यंत बाणाचे दोन दात मातीत पडले होते.

घरी बायकोने सुजलेलं तोंड पाहून कोणी मारलं ते विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं पातेलं त्याच्या कपाळावर हाणलं. रक्त पुसायला फडकंही तिनेच आणलं, ते त्याच्या पायाशी टाकलं आणि आईकडे निघून गेली.