अठरा ग्रॅम

आमच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायला आम्ही दोघी. माझी नोकरी बावीस वर्षांची, तिची अकरा. पण हात बसलेला तिचाच. एकदा चाकावर धरलेली काच तिला पुन्हा धरावी लागत नसे, फ्रेममध्ये चपखल बसायची. तरी दुकानात तिची ओळख झाली ती भलत्याच गोष्टीवरून. सगळे तिला पार्सलबाई म्हणायचे.

कारण नवरा. डोंगरांतून जाणारी दोन हजार किलोमीटरची पायवाट एका दमात पुरी करायचं त्याने मनावर घेतलं होतं. पाच महिन्यांचं सामान पाठीवर मावत नाही, म्हणून वाटेतल्या गावांच्या पोस्टात दर दोन आठवड्यांनी पार्सल पोचायला हवं. ते कोण पाठवणार, असं त्याने जेवता जेवता विचारलं आणि ही हो म्हणून बसली.

मग भाज्या चिरून ओव्हनमध्ये वाळवणं आलं, पाकिटं भरणं आलं, दुपारी डबा न खाता पोस्टात पळणं आलं. नकाशांचे कोरे काठ कातरायचे. टूथब्रशची दांडी अर्धी कापायची. प्रत्येक पाकीट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वर वजन लिहायचं, कारण पाठीवरचा एकेक ग्रॅम म्हणे संध्याकाळी किलोसारखा लागतो. आम्ही त्याचं नाव ग्रॅमसाहेब ठेवलं. सुरुवातीला तीही हसायची.

घरी सासूबाई. वर्षापूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, वॉकर धरून जेमतेम न्हाणीघरापर्यंत जायच्या. त्यांचा व्यायाम, आंघोळ, गोळ्या, सगळं उरकून ही नऊच्या ठोक्याला चाकावर हजर. चालत होता तो आणि पायात गोळे यायचे हिच्या. पण गिऱ्हाईक आलं की विचारणार, “कुठवर पोचले साहेब?” हिचं कसं चाललंय, हे पाच महिन्यांत एका माणसाने विचारलं असेल तर शपथ.

नवऱ्याचा आठवड्याला एक फोन. एखाद्या टेकाडावर रेंज मिळाली की तीन-चार मिनिटं. त्यात मोज्यांचं, बुटांच्या नाड्यांचं, पुढच्या यादीचं. निघतानाच त्याने बजावलं होतं, “घरचं काही फोनवर सांगू नकोस हं. मग पाय उचलत नाहीत.”

तिसऱ्या महिन्यात मालकांनी तिला पुढे बोलावलं. दुसऱ्या गावात नवं दुकान उघडणार होते, आणि ते तिने सांभाळावं अशी त्यांची इच्छा होती. दुकान तिच्या हाताखाली, वर राहायला दोन खोल्या. उत्तर महिनाअखेरीपर्यंत हवं. ती मागे आली ती कानापर्यंत लाल होऊन. अकरा वर्षांत तिला असं मी पाहिलं नव्हतं.

“घे की!” मी म्हटलं.

“सासूबाईंना न्यायचं तर त्यांच्या मुलाला विचारायला नको? आई त्याची आहे, ताई.”

“मग कर फोन.”

“फोनवर नको म्हणालाय ना. पत्र लिहिते. पार्सलमध्ये घालते.”

लिहिलं. तीन पानं. मला वाचून दाखवलं. त्यात रडगाणं नव्हतं. मला हे दुकान हवंय, आईंना तिकडे घेऊन जाऊ का, की तू लवकर येतोस, एवढं फोनवर सांग. असं सरळ लिहिलं होतं. पाकीट चिकटवून तिने सवयीने काट्यावर ठेवलं आणि कोपऱ्यात वजन लिहिलं. अठरा ग्रॅम.

पार्सल पोचलं. फोन आला. नाड्या छान होत्या, बेदाणे जरा कमी पडले. पत्राचं अवाक्षर नाही. पुढच्या आठवड्यातही नाही.

“अगं, तोंड उघडून विचार ना!” मी भांडले तिच्याशी.

“वाचलंय त्याने. बोलत नाही म्हणजे नको आहे. तोंडावर नाही म्हणवत नसेल.” ती काच पुसत राहिली. “मी भीक नाही मागणार.”

महिनाअखेरीला तिने मालकांना नाही सांगितलं. नवं दुकान काउंटरवरच्या मुलीला मिळालं. हिनेच तिला चार वर्षांपूर्वी काचेचा नंबर वाचायला शिकवला होता.

त्यानंतर वीसेक दिवसांनी एक खोकं उलट आलं. डोंगरात ऊन तापू लागलं म्हणून नवऱ्याने लोकरी कपडे परत पाठवले होते. स्वेटरच्या घडीत ते पाकीट होतं. चिकटवलेलं, तसंच. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, “घरी आल्यावर वाचतो. कागदाचं ओझं नको पाठवूस.” ते तिने दुकानात आणून माझ्यापुढे ठेवलं. मी त्याच्या नावाने जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढचं पार्सल मात्र तिने यादीबरहुकूम पाठवलं. याचा मला आजही राग येतो.

तो परतला. दाढी वाढलेली, चौदा किलो उतरलेला. त्याच्या क्लबने कौतुकाचा कार्यक्रम ठेवला. आम्ही दोघी पहिल्या रांगेत. माणूस एकेका ग्रॅमचा कसा विचार करायला लागतो हे रंगवून सांगताना तो म्हणाला, “बायकोचं प्रेमपत्रसुद्धा मी न उघडता परत धाडलं!” हॉल हसून लोटपोट. शेजारच्या बाईने कौतुकाने हिच्या हातावर हात ठेवला. हिने तो उचलून बाजूला केला.

परवा तो दुकानात आला. पुढच्या वर्षी याहून लांबची वाट करायची आहे, त्याची यादी घेऊन. बोलता बोलता आठवलं त्याला.

“अगं, ते पत्र राहूनच गेलं. काय होतं त्यात?”

तिने मान वर केली. भिंतीवर मालकांनी नव्या दुकानाचा फोटो लावला आहे, दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी असलेली ती मुलगी. तिने बोट केलं.

“हे.”

तो जवळ जाऊन बघत राहिला. “वा, दुकान छान आहे. आणि ही कोण?”

“मी नाही,” ती म्हणाली, आणि तिने चाक सुरू केलं.