असेल तर पुढं, नसेल तर रेघ

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण लेकीच्या लिस्पमधलं एक फंक्शन मला अजून तोंडपाठ आहे. हसू नका, ऐका.

नामांतराच्या आंदोलनात तिचं औरंगाबादचं कॉलेज बंद पडलं अन् ती गावी आली. आमचं गाव जिंतूरच्या पलीकडं; मी तिथं बालवाडी चालवायची. लिस्प ही कॉम्प्युटरची भाषा, त्यात तिला सरांनी एक काम दिलं होतं. त्यासाठी तिनं माझं वजनाचं रजिस्टरच उचललं. महिन्याभरात कोणत्या लेकराचं वजन वाढलं नाही, ते प्रोग्रामनं सांगायचं. कॉम्प्युटर कॉलेजात, घरी ती कागदावर बोट फिरवून प्रोग्राम चालवून बघायची. नुसते कंस! कांद्याच्या पापुद्र्यांवाणी, एकात एक.

"पानभर एकच काय विचारायलीस गं?" मी म्हणलं. "वजन हाय का, वजन हाय का!"

"मग काय करू आई? काही लेकरांपुढं तू नुसती रेघ मारलीस. रेघेतून वजा करायला गेलं की प्रोग्राम बंद पडतो. म्हणून पायरी-पायरीला विचारायचं. अन् सर म्हणतात, लय लांबतंय, आटोपतं लिही."

"मग एकदाच विचारता येत न्हाई का?"

ती परत कागदावर वाकली. भाकरी थापताना मीही तोच विचार करत होते, खरंच. दुसऱ्या दिवशी तिनं एक छोटं फंक्शन लिहिलं, त्याचं नाव माझ्यासाठी मराठीत ठेवलं: 'असेल-तर'. त्याला एक वस्तू द्यायची अन् एक काम. वस्तू असेल तर ते काम करणार; नसेल तर काही न करता रेघच पुढं सरकवणार. मग वजन शोधा, वजाबाकी करा, निकाल लावा, सगळं त्याच्या हवाली. पानभराचं चार ओळींत बसलं! शेवटी रेघ हाती आली तर काय छापायचं, तेवढं एकदाच ठरवायचं. तिनं तिथं शून्य लिहिलं.

"शून्य कसं गं? शून्य म्हणजे वाढलं न्हाई. रेघ म्हणजे मोजलंच न्हाई."

"आई, तू सरांपेक्षा वाईट हायस," म्हणत तिनं ते बदललं.

मग बोट फिरवत ती शेवटच्या पानापर्यंत आली. 'वाढ नाही'त तीन लेकरं निघाली अन् माझा हात कणकेतच थांबला. रेघा जास्त झाल्या की रजिस्टर तपासायला येणाऱ्या आमच्या मुख्यसेविका ओरडायच्या. म्हणून कापूस वेचायला गेलेल्या बायांची लेकरं आली नाहीत, तर कधीकधी मी मागच्या महिन्याचाच आकडा उतरवायची. त्या तिघांत खरं मोजलेलं कोण अन् उतरवलेलं कोण, मलाच आठवेना.

लेकीला सांगितलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"मग माझं 'असेल-तर' काय करंल, आई? त्याला तिथं आकडा दिसायलाय. ते कशाला थांबंल?"

लेकरू खरंच खंगत असेल तर? काटा अन् झोळी घेऊन आम्ही दोघी निघालो. पहिलं लेकरू झोळीत मावेना, असं धष्टपुष्ट. दुसरंही अर्धा किलोनं वाढलेलं. तिसरी पोरगी मुकाट्यानं झोळीत बसली. काटा आठावर थांबला. रजिस्टरात नऊ होते.

तिची आई माझ्याकडं बघत म्हणाली, "बाई, मागच्या बारीला आमी तर सेलूकडं होतो. मग हे नऊ कुणाचं लिवलंत?"

"माझ्या भीतीचं, माय," म्हणलं. "उद्या सकाळच्या यष्टीनं जिंतूरला दवाखान्यात जाऊ. मी येते संगं."