रशियन लेन्सची गुलाबी हिरडी

मावशी परदेशाची हेर आहे, ही बातमी इमारतीत सोडली तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. काकूंची पद्धत ठरलेली, अस्मादिक तिची हुबेहूब नक्कल करून दाखवतात. आधी जिना मोकळा आहे ना ते बघायचं, मग हनुवटी आत ओढून नाकातून सुरू करायचं, "मी म्हणत नाही हं, लोक म्हणतात. गच्चीवर तोफ लावून बसते. वर रशियन अक्षरं कोरलीयत. जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय!" आणि करायचं काहीच नसल्यामुळे काकू तडक चौथ्या मजल्यावर जायच्या.

खरी गोष्ट अशी, की मावशी कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून तोंडाचं माप येतं, मावशी लॅबच्या खिडकीशी बसून त्यावर हिरड्या घडवते आणि दात रोवते. तोफ म्हणजे सोव्हिएत काळातली एक झूम लेन्स. लांबीला पाण्याच्या बाटलीएवढी, वजनाला विटेएवढी. बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या मालकाने ती दिली होती. त्याची कवळी बोलताना टकटक वाजायची. मावशीने ती अशी बसवून दिली की गृहस्थ आनंदाने कपाट उघडून म्हणाले, "घ्या, हवं ते घ्या!" मावशीने नेमकी सगळ्यात अवजड वस्तू उचलली.

लेन्स फिल्मच्या जमान्यातली, कॅमेरा आजचा डिजिटल. दोघांची तोंडं जुळेनात, म्हणून मधे कडं हवं. बाजारातलं कडं डुगडुगायचं. मावशीने त्याचे दोन्हीकडचे धातूचे काठ ठेवले आणि मधली नळी स्वतः ओतली, हिरड्यांच्या गुलाबी ॲक्रिलिकची. तेव्हापासून त्या काळ्याकभिन्न रशियन लेन्सला गोऱ्या बाळासारखी हिरडी आहे.

आता कड्याची जाडी केसभर जरी चुकली, तरी झूम रुसते. जवळ ओढलेलं चित्र लख्ख, आणि मागे सरकलं की धुकं. म्हणून मावशी रोज गच्चीवर जायची. लांबच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर नेम धरायची, झूम पुढे-मागे करायची, खाली येऊन नळी घासायची आणि परत वर. शेवटी एकदाची शिडी पुढूनमागून सारखीच लख्ख दिसली. मावशी लेन्सला म्हणाली, "बसली बघ! आता काही लागत नाही ना?" पेशंटला विचारतात तसं, अगदी त्याच आवाजात.

एवढा खटाटोप होता बेडकीसाठी. बेडकी म्हणजे मावशीची मुलगी. ती तलावाच्या उंच मनोऱ्यावरून सूर मारते. निवड शिबिरासाठी तिने मारलेल्या सुराचा न तोडलेला व्हिडिओ पाठवायचा होता. तिला शिकवणारे सर म्हणजे बाजाच्या कोलमडलेल्या पेटीतून निघावा तसा आवाज. "काय आहे, की, पायाची बोऽऽटं दिसली पाहिजेत. मनोऱ्यावर बोऽऽटं, मग अख्खा सूर, मग पाणी. मधे कापायचं नाही." मोबाईलमध्ये बेडकी मुंगीएवढी दिसायची. मुंगीची बोटं निवड समितीला कशी दिसणार?

तर शेवटच्या दिवशी मावशी, बेडकी, सर आणि अस्मादिक अशी सगळी वरात तलावावर. शेवटचा दिवस, कारण दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीसाठी तलाव रिकामा होणार होता, आणि व्हिडिओ त्याच संध्याकाळी जायला हवा होता. मावशीने ट्रायपॉडवर लेन्स लावली, बेडकीच्या बोटांवर फोकस धरला आणि हात वर केला. बेडकी उडाली. मावशीने झूम मागे घेतली.

धुकं. बोटं लख्ख आणि पुढचा अख्खा सूर धुक्यात. पाण्यात पडलं ते माणूस की उशी, तेही कळेना.

"परत," मावशी म्हणाली. परत धुकं.

"आई गं, माझा खांदा मोडेल," बेडकी काठाला लोंबकळत ओरडली. "तुझ्या रशियाला सांग ना काहीतरी!"

"आता एकच हं," सरांनी बजावलं. "काय आहे, की, खांदा उतरला तर शिबिर राहू दे, वही उचलायची पंचाईत."

तिकडे पहारेकरी दरवाज्यापाशी किल्ल्या वाजवायला लागला. मावशी खाली मांडी घालून बसली. तिने कडं काढलं, जिभेने ओठ ओले केले, कड्याकडे बघितलं. गच्चीवर बसत होतं, मग इथे का नाही? आणि एकदम तिने कपाळावर हात मारला.

"अगं मीच गाढव! मी याला पाण्यात ठेवलं होतं!"

"कशाला?" सर.

"सवय हो! कवळी झाली की ग्लासातल्या पाण्यात. हे पण घासून झालं की रोज ग्लासात. पाणी पिऊन ते फुगलेलं, आणि त्या फुगलेल्या मापावर मी घासत बसले. मग महिनाभर कपाटात कोरडं पडलं. आकसलं की!"

"मग बुडवा ना परत," सर तलावाकडे हात करून म्हणाले.

"एवढ्यात नाही फुगत ते. त्याला दिवस लागतात."

बेडकी काठावर टॉवेलात गुंडाळून खांदा चोळत बसली होती. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःची पर्स पालथी केली. त्यातून निघाली निळ्या कागदांची छोटी गड्डी. कवळी कुठे उंच लागते ते बघायला दातांत धरायला देतात, तो कागद. पातळ इतका की फुंकरीने उडावा. मावशीने नखं कापायच्या कात्रीने त्याची चकती कापली आणि लेन्स व कड्याच्या मधे घातली. समोरच्या घड्याळावर नेम धरून झूम मागे-पुढे केली. "अजून खाली लागतंय," ती पुटपुटली आणि दुसरी चकती घातली.

अस्मादिकांना हे सहन झालं नाही. कागदाने कुठे लेन्स सुधारते? पैज लागली. मावशी हरली तर तिने काकूंच्या दारात जाऊन रशियन गाणं म्हणायचं. अस्मादिक हरले तर आठवडाभर कुणाचीही नक्कल बंद.

"चल गं बेडके," मावशी म्हणाली. तिचे ओठ निळे झाले होते, कारण कात्री चालवताना कागद तिने दातांत धरला होता.

बेडकी मनोऱ्यावर गेली. बोटं काठावर रोवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहाच्या दहा बोटं, करंगळीवरचा जुना ओरखडासुद्धा. बेडकी उडाली, मावशीने झूम मागे घेतली, आणि हवेत दुमडलेली, उलगडलेली, सरळ रेघेसारखी पाण्यात शिरलेली बेडकी शेवटच्या थेंबापर्यंत लख्ख राहिली.

सर पडद्याला नाक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "पाठवा."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "काय आहे, की," म्हणाले आणि पुढे आवाजच फुटेना. पेटीचा भाता फाटावा तशी एक घरघर, मग शिंक, मग एकदम वरच्या पट्टीत, "बोऽऽटं आवडली हो त्यांना! घेतलं!" असा आवाज जन्मात एकदा ऐकायला मिळतो. बेडकी सोफ्यावर उड्या मारायला लागली. आणि मावशीने, जिला आजवर मांजराची नक्कल जमलेली नाही, घसा खाकरून सरांचं "बोऽऽटं" काढून दाखवलं. म्हशीसारखं. साफ चुकीचं. तरी सगळे हसून हसून लोळले, आणि अस्मादिक दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. आठवड्यातले अजून पाच दिवस बाकी होते.