मोठ्या बाबांचा हप्ता

सापाला शेपटीनं धरून शेताच्या धुऱ्यापलीकडे भिरकावणारी माझी मोठी आई मोबाइलच्या ‘टुंग’ला घाबरायची. टुंग झालं की दोन पावलं मागं सरायची आणि लांबूनच त्याच्यावर फडकं टाकायची. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्या भीतीचा वाटेकरी मीच.

ही भीती मोठे बाबा गेल्यापासूनची. शेत त्यांच्या नावाचं, शेतकऱ्यांना मिळणारा सरकारी हप्ताही त्यांच्याच नावाचा. ते गेले, तेरवी झाली, पण हप्ता यायचा काही थांबला नाही; जमा झाला की मोबाइल ‘टुंग’ वाजायचा. “सरकारले वाटते हे जित्ते आहेत. उद्या म्हनन, कुठी आहेत ते दाखव. मी काय दाखवू?” ती म्हणायची. चल, कळवून येऊ, असं मी अनेकदा म्हटलं. “माह्या तोंडानं सांगू का मी?” एवढं बोलून ती चुलीत लाकूड सारायची.

त्या पैशाला तिनं कधी हात लावला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचं ताट वाढलं, की पुरणपोळी आणि चिंचवणीच्या शेजारी ती मोबाइल ठेवायची. “तुमचा निरोप आला, तुमीच पाहा. माह्यावर आळ नोको.” मला हसू आवरायचं नाही. त्यावर ती म्हणायची, “हास. पोलीस आले का तूच जाजो त्याईच्या संग.”

गेल्या वर्षी मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, की हप्ता घेणाऱ्यानं स्वतः येऊन चेहरा दाखवावा. मेलेल्यांच्या नावानं पैसे घेणाऱ्यांवर कारवाई होईल. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. आंजी गावाच्या रस्त्यावर जीप वाजली तरी ती हातातलं काम टाकून घरात शिरायची. कापसाचे व्यापारी आले तर तिनं आतून कडी लावून घेतली. शेवटी तिचा फोन आला, “बाबू, येजो. मले धरून नेतीन.” तिचा आवाज ऐकून मीही घाबरलो आणि दुसऱ्याच दिवशी शहरातून गावी येऊन तिला घेऊन निघालो.

सेवा केंद्रात आमचा नंबर लागला. तिथली मुलगी मान वर न करता म्हणाली, “चेहरा समोर धरा अन् डोळे मिचकावा.”

मोठ्या आईनं पिशवीतून मोठ्या बाबांची तसबीर काढली. घरून निघतानाच तिनं हार काढून ठेवला होता, काचेवरचा गंधही पुसला होता. दोन्ही हातांनी तिनं ती कॅमेऱ्यासमोर धरली. 

मुलीनं वर पाहिलं.  मग हळूच म्हणाली, “आजी, याईचे डोळे मिटून नाई राह्यले.”

“नाई मिटत, माय,” मोठी आई म्हणाली. “ते गेले.”

इतक्या दिवसांत हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पुढचं सगळं सोपं होतं. मृत्यूचा दाखला दिला, आलेले पैसे परत केले, नाव कमी झालं. पोलीस आले नाहीत, कोणी एक शब्द बोललं नाही.

पुढचा हप्ता आला, तेव्हा मी गावातच होतो. शेजारीपाजारी मोबाइल ‘टुंग’ वाजत होते, तिचा मात्र नाही. मोठ्या आईनं आपल्या मोबाइलवरचं फडकं काढलं आणि त्याच्याकडे पाहत बसून राहिली.

“गेलं ना आता भेव?” मी विचारलं.

“पयले भेव होतं, का कोनी त्याईले विचारत येईन,” ती म्हणाली. “आता कोनीच येनार नाई, याचं भेव वाटते.”