जावयाची गादी

मला सासरवाडीची ॲलर्जी आहे. हे मी म्हणत नाही, डॉक्टरांच्या तपासणीत निघालंय.

लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात चाकूरजवळ सासरवाडीला गेलो. (धोंडे जेवायला आलेला जावई म्हणजे साक्षात देव!) सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. त्यांनी लोखंडी पेटीतून खास गादी काढली. घरच्या कापसाची, फक्त माझ्यासाठी भरून घेतलेली! एरवी ती पेटीबाहेर यायची नाही, मग ऊन-वारा कुठला लागणार?

पहाटे उठलो तो शिंकतच! नाकाला धार, डोळे लाल, टाळूला खाज. मामा बाजाराला निघाले, उंबऱ्यात पाय टाकला आणि मी शिंकलो. ते मागे फिरले, बसले, पाणी प्यायले, पुन्हा निघाले. पुन्हा शिंक!

"ऱ्हाऊ द्या, आज जाणंच नगं," म्हणत त्यांनी चपला काढल्या. जावयाच्या शिंकेला कोण नाव ठेवणार?

सासूबाईंनी मिरच्या जाळून माझी दृष्ट काढली. त्या धुरानं तर मी शेजारपाजार गोळा होईपर्यंत शिंकलो.

"पाव्हण्याला गारठा बाधला," मामा म्हणाले. (भर मे महिना!) "अजून एक गोधडी द्या गं!"

गोधडीही त्याच पेटीतली.

मग दर दिवाळीला, दर जत्रेला हेच. नांदेडला परतलो की नाक आपोआप ठणठणीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी काढे आणि सर्दीच्या गोळ्या घेत राहिलो. शेवटी बायकोनं, सुनीतानं, मला डॉक्टरकडे नेलं.

"ताप येतो?"

"नाही."

"मग ही साधी सर्दी नव्हे. नेमकं कधी होतं?"

"सासरवाडीला गेल्यावर."

सुनीतानं असं पाहिलं की त्या क्षणी ताप आला असता तर बरं झालं असतं!

नाकात बॅटरी मारून डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी दिसते, कशाची ते पाहू. काही दिवस गोळ्या बंद ठेवून हातावर वेगवेगळे थेंब टाकले, प्रत्येकाखाली सुईनं जरासं टोचलं. थोड्या वेळात एका जागी चिंचोक्याएवढी गांधी उठली.

"धुळीतले किडे. डोळ्यांना दिसत नाहीत, गाद्या-उशांत राहतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा, गादीला घट्ट खोळ घाला. आणि हा फवारा रोज नाकात, मान थोडी खाली घालून."

"सासरवाडीत मान खालीच असते," मी म्हणालो. सुनीता हसली नाही.

"बाबांच्या गादीत किडे?" बाहेर आल्यावर ती कडाडली. "बाबांसमोर बोलले तर बघा! त्या गादीत जीव हाय त्यांचा."

तो जीव मलाही ठाऊक होता. म्हणून पुढच्या खेपेला मी गुपचूप सतरंजीवर झोपलो. सकाळी मोकळी गादी पाहून मामांचा चेहरा उतरला. दुपारपर्यंत गावभर झालं, पाव्हणं रुसले! भावकी जमली.

"काय कमी पडलं, पाव्हणं? अंगठी पाहिजे का?"

"न्हाई हो, मामा."

"मंग माझ्या गादीवर का न्हाई निजले?"

मला राहवेना. "मामा, गादीत बारीक किडे हायत. त्याच्यानंच शिंका येतात."

मामा उठून आत गेले. आता जन्माचं वैर, असं मी धरून चाललो. तर ते गादी खांद्यावर घेऊन बाहेर आले, अंगणात उन्हात टाकली आणि काठीनं बडवायला लागले! धुरळा उठला, मी शिंकलो, आणि मामा खुशीत ओरडले, "हाव की! मंग आधीच सांगायचं ना! मी समजलो, माझंच काय चुकलं."

तेव्हापासून मी येणार म्हटलं की गादी दोन दिवस आधीच उन्हात पडायची, धुतलेल्या खोळीत शिरायची. फोनवर मामा "बरं हाय का" ऐवजी "फवारा मारला का?" विचारायचे. माझ्या नाकाची एवढी काळजी माझ्या बापानंही केली नव्हती.

आता मामा नाहीत. गादी आमच्याकडे आलीय, दिवाणात असते. त्यांची फार आठवण येते.

यंदा धोंड्याला हदगावहून आमचे जावई आले. मी मोठ्या मायेनं दिवाण उघडला, गादी घातली. सकाळी जावयाला शिंकांवर शिंका! सुनीता माझ्याकडे बघायला लागली. मे महिन्यात नांदेड नुसतं भाजत होतं.

मी, आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस, म्हणालो, "काही नाही गं, पाव्हण्याला गारठा बाधला. अजून एक गोधडी दे!"