घरमालकांचा उजवा गुडघा

आमच्या घरमालकांइतका खोटं बोलणारा माणूस अख्ख्या नागपुरात झाला नसेल, आणि ते खोटं बोलले ते एकाच गोष्टीबद्दल: स्वतःच्या उजव्या गुडघ्याबद्दल. बाकी व्यवहारात इतके सरळ, की विणलेल्या लुगड्यात एखादी तार तुटकी राहिली तर गिऱ्हाइकाला आपणहून बोट ठेवून दाखवायचे. पण गुडघ्याचा विषय निघाला की त्यांचा खरेपणा संपला. सकाळी उठून पाय जमिनीला टेकवले की पाच-दहा मिनिटं खाटेवर तसेच बसून राहत. कोणी विचारलं तर म्हणत, "विचार करून राहिलो." जिन्यात मधेच थांबत आणि भिंतीचा चुना नखाने खरवडून पाहत, जणू उद्याच रंगारी येणार आहे. इतवारीतून चालताना दर शंभर पावलांवर एखाद्या दुकानाची पाटी वाचत. वाचता त्यांना फारसं येत नव्हतं. पण पाट्या सगळ्या तोंडपाठ झाल्या होत्या.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत असे आणि विणकरांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहीत असे. म्हणून ते मला 'लीडर' म्हणत; त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा मी त्यांना तोंडावर सांगितलं, की लंगडता आहात, काठी घ्या. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "राजधानी भोपाळले गेली, तरी नागपूर चालूनच राहिलं ना गा? त्यानं काठी घेतली का?"

या खोटेपणाचं कारण पुढच्या खोलीत होतं. तिथे त्यांचा माग होता. आमच्याकडचा जुना हातमाग म्हणजे जमिनीत खड्डा. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. घरमालक त्या काठावर दहाव्या वर्षी बसले ते साठी आली तरी उठले नव्हते. त्यांचा मुलगा सरकारी कचेरीत कारकून झाला होता. त्याला खड्डा बुजवून फरशी घालायची होती आणि बापाला खुर्चीवर बसवायचं होतं. मुलगा वाईट नव्हता. उलट फार प्रेमळ होता, आणि म्हणूनच धोकादायक. "बाबा, जन्मभर पावड्या दाबल्या, आता तरी आराम करा," असं तो दर आठवड्याला म्हणे. गुडघा दुखतो एवढं एक वाक्य घरमालकांच्या तोंडून निघायचा अवकाश, की माग गेला. म्हणून ते वाक्य निघत नव्हतं.

इथे मला थोडं संतापून बोलू द्या. गुडघा दुखला की आपल्या समाजात दोनच उत्तरं मिळतात: 'वय झालं' आणि 'वात आहे'. पहिल्याने माणूस गप्प बसतो, दुसऱ्याने तेलवाल्याचं पोट भरतं. सांधा म्हणजे काय, तो झिजतो म्हणजे काय, झिजल्यावर त्याच्याशी कसं वागायचं, हे कोणी सांगत नाही. मग माणूस आपल्या धंद्यातली अक्कल गुडघ्याला लावतो. सुताराने खिळा मारला नाही हेच नशीब.

घरमालकांनी खळ लावली. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला बळ यावं म्हणून विणकर त्याला भाताची खळ लावतात आणि गल्लीत लांबलचक ताणून उन्हात वाळवतात. कमजोर सुताला बळ येतं, तर गुडघ्याने काय घोडं मारलं? एका दुपारी मी घरी आलो, तर गल्लीत ताणा पसरलेला, आणि त्याच्या शेजारी, त्याच्याच रांगेत, घरमालकांचा उजवा पाय पसरलेला. गुडघ्यावर फडक्याचे चार वेढे आणि त्यावर खळीचे थर. ऊन कडक होतं. खळ अशी वाळली, की पाय वाकेना. तेवढ्यात एक गाय आली. गायींना सुतावरची खळ आवडते, म्हणून ताण्याजवळ कोणीतरी काठी घेऊन बसावं लागतं. तिने ताणा सोडला आणि गुडघा निवडला.

"हाकल ना गा तिले! पाहून काय राहिला?" ते ओरडले.

त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, दारातून म्हणाली, "चाटू द्या. कोणाले तरी सांगा तुमचं दुखणं. मले नाही सांगत, गाईले तरी सांगा."

शेवटी काकीने गरम पाण्याची फडकी लावून लावून ती खळ सोडवली. त्या शेकाने पाय दोन दिवस हलका राहिला. श्रेय मात्र मिळालं खळीला.

पुढे जे झालं त्यात माझा हात होता, हे कबूल करतो. मी एक पत्रक काढलं: 'विणकराला विश्रांती मिळालीच पाहिजे!' त्यात वाकलेल्या पाठी होत्या, झिजलेले गुडघे होते, उद्गारचिन्हं तर मोजू नयेत. मला म्हणायचं होतं, की कामाचे तास कमी करा. मुलाने ते बापासमोर ठेवलं. "पहा बाबा, तुमचा भाडेकरूच म्हणून राहिला." पुढच्या रविवारी सकाळी गवंडी दारात हजर. एका गाडीत विटा आणि मुरूम.

घरमालकांनी विटा पाहिल्या. भिंत धरत पुढच्या खोलीत गेले, खड्ड्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, "टाक मुरूम."

गवंडी थांबला. मुलगा विनवू लागला. एक तास झाला, दोन झाले. अर्धी गल्ली खिडकीशी गोळा झाली. मी तर पेटलोच. बाहेर येऊन सांगितलं, की हा सत्याग्रह आहे, हातमागासाठी एक म्हातारा खड्ड्यात बसला आहे! लोकांनी जयजयकार केला. मी आत जाऊन त्यांच्या कानाशी म्हणालो, "काका, उठू नका. सगळी गल्ली तुमच्या मागे आहे."

त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. ओठ न हलवता ते म्हणाले, "अबे लीडर, सत्याग्रह कायचा? गुडघा अडकला. मले उठताच येऊन नाही राहिलं."

बाहेर जयजयकार चालूच होता.

"पोट्ट्याले सांगू नको," ते म्हणाले. "सांगशीन तं आजच बुजवते."

मी धावत चौकातल्या धर्मार्थ दवाखान्याच्या डॉक्टरांना घेऊन आलो; वाटेत खळीची गोष्टही सांगितली. ते फटकळ होते. सरळ खड्ड्याच्या काठावर बसले, गुडघा हातात घेतला, चोळत चोळत हळूहळू सरळ केला. सांध्यातली करकर खिडकीपर्यंत ऐकू गेली असावी, कारण खिडकीही गप्प झाली.

"हाडांच्या टोकांना गादी असते, ती झिजली आहे," डॉक्टर म्हणाले. "ती परत येत नाही. तेलाने नाही, खळीनेही नाही."

"मंग खुर्चीवर बसू?" घरमालकांनी विचारलं. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"नुसते बसलात तर मांडीची ताकद जाईल, मग गुडघ्याला आधार कोण देणार? माग चालवा, पण तासन् तास नाही, मधे मधे उठून. त्रास उतरण्या-चढण्याचा आहे. उकिडवं बसायचं नाही. काठावर बसून पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, हळू खाली. रोज. गरम शेक घ्या, पोट कमी करा. आणि काठी, डाव्या हातात."

"दुखते उजवं, आन् काठी डाव्या हातात? डॉक्टर, तुमाले दिसते ना बराबर?"

"चालून पहा, मग बोला."

मुलगा इतका वेळ दारात उभा होता. तो जवळ येऊन बापाशेजारी जमिनीवर बसला. "एवढं दुखत होतं, तं मले सांगितलं काहून नाही बाबा?"

घरमालकांनी खड्ड्यात पाहिलं. "सांगितलं असतं, तं तू बुजवला असता."

मुलाने गवंड्याला हाक मारली आणि खड्ड्यात त्याच विटांच्या तीन रुंद पायऱ्या बांधायला सांगितल्या. वर धरायला एक जाड दोर त्याने स्वतः आढ्याला बांधला, आणि त्याला लोंबकळून पाहिलं.

गुडघा बरा झाला असं मी लिहिणार नाही. तसलं लिहिणारे तेलवाले पुष्कळ आहेत. थंडीत तो हट्टाला पेटे, काही दिवस बरे जात. फरक एवढाच, की ते खोटं बोलणं सुटलं. सकाळी खाटेवर बसल्या बसल्या ते स्वच्छ सांगत, "आज दुखून राहिलं वं," आणि काकी पाणी तापायला ठेवी.

ती माडी सोडून मला आता काही वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात त्या गल्लीत गेलो, तर पुढच्या खोलीतून माग ऐकू आला. पूर्वी ठोक्यामागून ठोका असा पडे की मधे बोलायला जागा नसे. आता एक ठोका पडला आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी दार वाजवायला उचललेला हात तसाच ठेवून उभा राहिलो. मग दुसरा पडला.