तारामतीबाईची साक्ष

शेषेरावाचा हात तारामतीवर पहिल्यांदा उठला तो लग्नानंतर नवव्या दिवशी. कारण काय, तर पाहुण्यांसमोर तिच्या डोक्यावरचा पदर घसरला. मुखेड तालुक्यातल्या त्या गावात तेरा एकर काळ्या रानाचा मालक होता शेषेराव, आणि मालकाच्या बायकोनं मार खाल्ला तर कुणाला त्यात बोलण्यासारखं काही वाटत नसे. तारामतीलाही नाही. थोरला हरिओम हे बघतच वाढला. पंधराव्या वर्षी त्यानं गोठ्यातल्या वासराला असं झोडपलं की त्याचा डोळा गेला. बाप नुसता हसला.

धाकटी ऋतुजा मात्र बाप धावून आला की मध्ये उभी राहायची. बारावीनंतर हट्टानं लातूरला नर्सिंगला गेली, तिथंच एका दवाखान्यात नोकरीला लागली. खांबावरून पडून हात मोडलेला एक वायरमन तिथं आला होता. अश्वजित त्याचं नाव, देगलूरकडच्या बौद्ध घरातला. हात जुळून आला तरी तो दवाखान्यात येतच राहिला. वर्षभरानं ऋतुजाचा आईला फोन आला.

"माय, आम्ही रजिस्टर लग्न केलं."

लेकीचं अश्वजितशी जमलंय हे तारामतीला आधीच कळलेलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "तुला मारतो का गं?"

"न्हाई माय. आवाज बी चढवत न्हाई."

"मंग ऱ्हा तिकडंच. इकडं पाऊल टाकू नको."

बातमी गावात फुटली तशी शेषेरावानं लेक मेली म्हणून दहावा घातला. तिचे कपडे, शाळेतले फोटो अंगणात पेटवले. एक झंपर तेवढा वाचवावा म्हणून तारामती वाकली, तर हरिओमनं तिला केसाला धरून चौकटीपर्यंत फरफटत नेलं. महिन्याभरात नायगावच्या पाहुण्यांनी हरिओमची ठरलेली सोयरीक मोडली. तो पारावर गेला की कुणीतरी म्हणायचंच, "भैन सांभाळता आली न्हाई, मिशीला पीळ कशापाई?" घरी त्याचा चुलता भागवत रोज तेल ओतायचा. "नाक कापलं पोरीनं. अन् तू भाकरी खाऊन राहिला?"

दीड वर्ष गेलं. ऋतुजाला सातवा महिना लागला होता.

सोयाबीन काढून झालं होतं. त्या दिवशी दुपारी तारामती रानात तुरीला पाणी देत होती. शेजारची गौरम्मा बांधावरून धापा टाकत आली आणि तिला बघून जागीच थांबली.

"तू तर धडधाकट हाइस!"

"मला काय झालं?"

"ऋतुजाचा फोन आला व्हता. माय बोलती का म्हणून इचारली. तुला वारं गेलं, एक अंग पडलं, असं हरिओमनं कळवलं म्हणं तिला. नवऱ्याला घेऊन ये म्हणाला. बसमदी हाय ती, फाट्याला उतरणार."

सकाळपासून आपला फोन सापडत नव्हता, हे तारामतीला तेव्हा आठवलं. हरिओम आणि भागवत जेवण अर्धं टाकून मोटारसायकलवर गेले होते, तेही.

"लाव तिला फोन! उतरू नको म्हणावं!"

गौरम्मानं तीनदा लावला. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. तारामतीनं लुगड्याचा ओचा खोचला आणि सोयाबीनच्या धसकटांतून अनवाणी पळत सुटली. फाटा पाऊण कोसावर होता.

ती पोचली तेव्हा बस निघून गेली होती. चहाच्या टपरीवर सात-आठ माणसं बसलेली. अश्वजितच्या एका हातात मोसंब्यांची पिशवी होती, दुसऱ्यानं तो हसून हरिओमचा हात हातात घेत होता. "अश्वजित, पळ!" तारामती जीव खाऊन ओरडली. त्यानं आवाजाच्या दिशेला मान वळवली, आणि हरिओमनं सदऱ्याखालून ऊस तोडायची कत्ती काढून त्याच वळलेल्या मानेवर घातली.

दुसरा घाव खांद्यावर बसला. अश्वजित गुडघ्यावर आला. ऋतुजा पोट सांभाळत त्याच्यावर आडवी पडली, तर भागवतनं तिला दंडाला धरून मागं ओढली. "हिलाबी सोडू नको," तो म्हणाला. टपरीवरचं कुणी उठलं नाही. एकानं तेवढा मोबाईल काढला.

तिसरा घाव ऋतुजावर येत होता. तारामतीनं तो उघड्या हातानं झेलला. पातं तळव्यातून गेलं, दोन बोटं डांबरावर पडली. तिला कळलंही नाही.

"सरक, माय!"

ती सरकली नाही. दुसऱ्या हाताला रस्त्याकडेचा धोंडा लागला. कधी कुणावर हात न उगारलेल्या त्या बाईनं तो पोटच्या पोराच्या गुडघ्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो कोसळला तरी ती थांबली नाही. कत्ती सुटेपर्यंत त्याच्या मनगटावर हाणत राहिली. भागवत मोटारसायकल घेऊन पळाला.

अश्वजितनं नांदेडच्या वाटेवर, ऋतुजाच्या मांडीवर जीव सोडला. चार दिवसांनी ती अपुऱ्या दिवसांची बाळंत झाली. मुलगी जगली. तिचं नाव सृष्टी ठेवलं.

तारामतीचा हात अजून पट्टीत होता तेव्हा शेषेराव तिला दवाखान्यातून घरी न्यायला आला.

"मला काही दिसलं न्हाई, असं म्हणायचं. एकुलता एक हाय."

"दिसलं मला."

त्यानं घरी नेऊन तिच्या तीन बरगड्या मोडल्या. पहाटे उठून, कूस धरून, ती पहिल्या एसटीनं लातूरला लेकीकडं गेली ती परत आली नाही.

कोर्टात आरोपींच्या वकिलानं विचारलं, "आई असून लेकाला बुडवायला आलात?"

"दोघांची माय हाय मी, साहेब. एकानं जावई मारला, लेकीवर कत्ती उगारली. बघितलं ते सांगून राहिले."

चुलत्या-पुतण्याला जन्मठेप झाली. पोलीस घेऊन जाताना हरिओम तिच्या तोंडावर थुंकला. तिनं ते पुसलं आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून गुरासारखा हंबरडा फोडला. ऋतुजानं तिला उठवलं नाही, शेजारी बसून राहिली.

अश्वजितची आई सरस्वतीबाई नातीला बघायला येते. तारामतीशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "माझं लेकरू मारणारं तुमच्याच पोटचं." तारामतीनं मान खाली घातली.

मागची दिवाळी सरल्यावर ती कुणाला न सांगता तुरुंगात हरिओमला भेटायला गेली. त्यानं आतून निरोप पाठवला, "माझी माय मेली." भेटीची वेळ संपेपर्यंत ती फाटकाबाहेर बसून राहिली. मग उठली, सृष्टीची शाळा सुटायच्या आत पोचायचं होतं.